एक जबाबदार माणूस पाहिजे

९ जानेवारी

दैनंदिनी लिहिणाऱ्या माणसांविषयी मला आजवर अनुकंपाच वाटत आली आहे. स्वतःशी बोलायला ज्याला वही लागते, त्याचे स्वतःशी फारसे जमत नसावे, असे माझे मत होते. ते मत मी मागे घेत नाही. परंतु आज जे घडले त्याची नोंद नीट शब्दांत व्हायला हवी, आणि नीट शब्दांत लिहू शकणारा या घरात मी एकटाच आहे.

दुपारी लिफ्ट बनविणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे अध्यक्ष आमच्याकडे आले. स्वतः, दोन जिने चढून. आमच्या इमारतीत लिफ्ट नाही याबद्दल त्यांनी प्रथम समाधान व्यक्त केले आणि मग, किंचित अडखळून, खेद.

"सर, मी तुमचा प्रबंध वाचलाय," ते म्हणाले.

'सामूहिक कृत्यातील व्यक्तिगत उत्तरदायित्व' हा माझा प्रबंध आजवर माझ्याखेरीज दोघांनी वाचला आहे, आणि त्यांपैकी बहिःस्थ परीक्षकांविषयी मी साशंक आहे. तेव्हा या वाक्याने मला काय वाटले असेल ते सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रकरण असे आहे. नोव्हेंबरमध्ये या कंपनीच्या एका लिफ्टने दार उघडे असतानाच जागा सोडली आणि आत पाऊल टाकणाऱ्या एका शिंप्याचा पाय गेला. चौकशी आयोग बसला. आयोगाचे म्हणणे असे, की या कंपनीत कोणाला काहीही विचारा, तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून कंपनीने एक उत्तरदायी अधिकारी नेमावा, जो सर्व गोष्टींना जबाबदार असेल. शिवाय, ज्याला अधिकार नाही त्याला जबाबदार धरता येत नाही, म्हणून त्याचा आदेश कंपनीत अंतिम असावा. हे तर माझ्या चौथ्या प्रकरणाचे सार!

"आम्हाला असा माणूस हवा," अध्यक्ष म्हणाले, "ज्याचं चारित्र्य बघूनच लोक गप्प बसतील."

ते गेल्यावर ताईने कपबशा उचलल्या. ताई म्हणजे माझी थोरली बहीण; निवृत्त परिचारिका. आयुष्यभर शस्त्रक्रियागृहात काढल्यामुळे माणसाच्या आत काय असते याविषयी तिचे मत फारसे उदात्त नाही.

"कितव्या पानावरचं काय आवडलं, ते विचारलंस का त्यांना?"

"असं विचारणं असभ्यपणाचं असतं."

"हं. बोकडाला हार घालतात ना, तेव्हा त्यालाही तो सत्कारच वाटतो, पंडित."

ताईला माझा उत्कर्ष कधी सहन झाला नाही. शाळेत असल्यापासून हे असेच आहे.

१३ जानेवारी

रुजू झालो. मला सहाव्या मजल्यावर कोपऱ्यातली खोली दिली आहे. दोन बाजूंनी काच, एक बाजू पुस्तकांची. पुस्तके चांगल्या बांधणीची असून आतून कोरी आहेत. सजावटकाराने पुरविली म्हणे. मी माझी स्वतःची आणून भरणार आहे.

कंपनीची रचना पाहून मी थक्क झालो. लिफ्ट बनविते ती एक कंपनी, बसविते ती दुसरी, देखभाल करते ती तिसरी, आणि लिफ्टवर जिचे नाव झळकते ती चौथी. चौघींचे पत्ते निराळे, कारण चौघी निराळ्या मजल्यांवर आहेत. चहा मात्र सर्वांना एकाच किटलीतून मिळतो. पाणी एका भांड्यातून चार भांड्यांत ओतावे आणि एकाही भांड्याचा तळ ओला होऊ नये, असे हे कौशल्य आहे. याची तुलना मी केवळ उत्तम न्यायशास्त्राशी करू शकतो.

आणखी एक प्रथा. दर सहा महिन्यांनी सर्व विभागप्रमुखांची खाती बदलतात. खरेदीवाला देखभालीला, देखभालवाला विक्रीला, विक्रीवाला खरेदीला. "माणसाला खुर्चीचा मोह पडू नये म्हणून," असे वकीलबाई म्हणाल्या. वकीलबाई या कंपनीच्या विधी सल्लागार आहेत. त्यांच्या एका वाक्यात चार पोटवाक्ये असतात आणि एकही लोंबत नाही. अशी बाई मी विद्यापीठातही पाहिली नव्हती.

नियुक्तीपत्र त्यांनीच वाचून दाखवले. नियुक्ती गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून, म्हणजे पूर्वलक्षी प्रभावाने आहे.

"ऑक्टोबरपासून कशी?" मी विचारले.

"सर, तुमच्यासारख्या माणसाला जानेवारीतला नवशिका कसं म्हणायचं? तुमची ज्येष्ठता राखायला नको?"

मी भारावून गेलो. विद्यापीठाने मला ज्येष्ठता देताना अकरा वर्षे घोळ घातला होता. येथे मी येण्यापूर्वीच मला ती मिळाली.

घरी सांगितले. ताई भाजी निवडत होती. तिने विचारले, "अपघात कधीचा?"

"नोव्हेंबरचा."

"आणि तू कधीपासून?"

"ऑक्टोबरपासून. सांगितलं ना."

तिने हातातली जुडी खाली ठेवून बोटांवर महिने मोजले आणि मग पुन्हा भाजी निवडू लागली.

२० जानेवारी

पहिला आठवडा मी अभ्यासात घालविला. मला यंत्रांचे ज्ञान नाही, परंतु न समजणारी गोष्ट समजेपर्यंत न उठण्याची सवय आहे. लिफ्ट मजल्यावर थांबली की तिला तेथेच धरून ठेवणारा एक ब्रेक असतो. त्या ब्रेकला एक जाड पट्टा लावतात. त्याला लायनिंग म्हणतात. गेल्या वर्षी हा पट्टा बदलून हलक्या प्रतीचा आणला गेला. तो तापला की गुळगुळीत होतो आणि पकड सोडतो. लिफ्ट हलू लागते; दार उघडे आहे की बंद, हे ती पाहत नाही.

एवढे कळल्यावर, हा पट्टा बदलण्याचे कोणी ठरविले, असा साधा प्रश्न उरतो. मी सर्व विभागप्रमुखांना खोलीत बोलावले व तोंडी परीक्षा घेतली.

"लायनिंग कोणी बदललं?" मी खरेदीप्रमुखांना विचारले.

"सर, मी तेव्हा विक्रीला होतो."

"विक्रीप्रमुख?"

"मी तेव्हा देखभालीला होतो, सर. आमच्याकडे जे येतं ते आम्ही बसवतो."

"बसवण्याचं काम दुसऱ्या कंपनीचं आहे."

"तेच म्हणतो ना मी. त्यांनी बसवलं."

"देखभालप्रमुख, तुम्ही तेव्हा खरेदीला होतात. म्हणजे तुम्हीच बदललंत."

"मी होतो, सर, पण रजेवर. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं."

"मग सही कोणाची?"

"सही लागत नाही, सर. बैठकीत ठरलं."

"बैठकीला कोण होतं?"

सर्वजण एकमेकांकडे पाहू लागले. "बैठक होती, सर," अखेरीस एक म्हणाला, "पण त्या दिवशी कोरम नव्हता."

मी आयुष्यात शेकडो तोंडी परीक्षा घेतल्या आहेत. उत्तर न येणारे विद्यार्थी घाम पुसतात, छताकडे पाहतात. ही माणसे निवांत होती. इतक्या सुंदर रीतीने कोणी अनुत्तीर्ण होताना मी पाहिले नव्हते. मी सर्वांना नापास केले. त्यांनी आभार मानले व चहा मागविला.

२१ जानेवारी

काल रात्री जेवताना ताईला सगळे सांगितले. ती म्हणाली, "आमच्याकडे ऑपरेशन झालं की पोटात कापसाचा बोळा राहिला नाही ना, ते मोजायचं काम एकीचं असायचं. एकीचंच. दोघींचं केलं की बोळा राहायचाच."

उदाहरण ठीक आहे, परंतु क्षेत्र निराळे.

२७ जानेवारी

आज त्या शिंप्याकडे गेलो. वकीलबाईंनी आधी बजावले होते: "सर, दुःख व्यक्त करायला हरकत नाही. पण आमच्यामुळे झालं, असं काही बोलू नका. सहानुभूती द्या, कबुली नको." ही मर्यादा त्यांनी इतक्या रेखीवपणे आखली, की मी ती टिपून घेतली.

शिंपी पन्नाशीचा, बडबडा, टक्कल पडलेला. पलंगावर बसून एका झग्याला काजे करीत होता. गुडघ्याखाली उजवा पाय नाही. खोलीत चार पुष्पगुच्छ होते, सुकलेले.

"या साहेब, बसा. तुम्ही पाचवे. हे चार गुच्छ चार कंपन्यांचे. घर अगदी लग्नाचं वाटत होतं. फक्त नवरदेव लंगडा." आणि तो हसला. त्याची बायको हसली नाही.

मी तयार करून नेलेले वाक्य म्हटले. आपल्याबाबत जी दुर्दैवी घटना घडली तिजबद्दल आम्हाला तीव्र दुःख आहे, इत्यादी. त्याने ते पूर्ण ऐकून घेतले. शिलाई तपासताना मान तिरकी करतात, तशी त्याने केली होती.

"छान बोलता तुम्ही," तो म्हणाला. "पायाचं राहू द्या, साहेब. पाय काही आता भाषणानं उगवत नाही. मला एवढंच सांगा, बाकीच्या लिफ्टा बंद केल्या का?"

"कोणत्या बाकीच्या?"

"अहो, याच कंपनीच्या, याच जातीच्या. माझी लेक दिलेय त्या घरी, अकराव्या मजल्यावर, तीच लिफ्ट आहे. रोज चार वेळा वरखाली. मी म्हटलं, बाई, जिन्यानं जात जा. तर म्हणते, बाबा, गुडघे राहतील का माझे? मी म्हटलं, पाय तर राहतील!"

"याविषयी माहिती घेऊन कळवतो," मी म्हणालो.

"चौघांनी हेच सांगितलं," त्याची बायको दारातून म्हणाली. मी घरात शिरल्यापासून ती बोललेले हे एकच वाक्य.

उत्तर ठाऊक नसताना परीक्षेला बसण्याचा प्रसंग माझ्यावर आजवर आला नव्हता. ही भावना मला आवडली नाही. त्या माणसाचा मात्र मला आदर वाटला. प्रश्न विचारावा तर असा. एकच, आणि नेमका.

२८ जानेवारी

वकीलबाईंना विचारले. त्यांनी स्मित केले.

"सर, लिफ्ट बंद केल्या, तर त्यात दोष आहे हे आपण मान्य केलं असं होतं. चालू ठेवल्या, तर दोष नाही अशी आपली भूमिका कायम राहते."

"पण दोष आहे."

"असेलही. पण ती आपली भूमिका नाही."

तर्क म्हणून हे निर्दोष आहे. मी तासभर त्यात भेग शोधत होतो, सापडली नाही. आणि तरीही मला जेवण गेले नाही. ताईने न मागता ताक दिले. "काय झालं?" तिने विचारले. मी म्हणालो, "एक निर्दोष युक्तिवाद पचत नाहीये." ती म्हणाली, "मग तो नासलेला असेल. वास घेऊन बघ."

३० जानेवारी

आज मी माझे काम केले. सविस्तर लिहितो, कारण यातील प्रत्येक पायरी मला पुढे शिकवायला उपयोगी पडेल.

मी ऑक्टोबरपासून जबाबदार आहे. हे नियुक्तीपत्रात आहे आणि अध्यक्षांनी आयोगापुढे शपथेवर सांगितले आहे. म्हणजे नोव्हेंबरमध्ये जो पाय गेला तो माझ्या जबाबदारीत गेला. त्या दिवशी मी घरी बसून उत्तरपत्रिका तपासत होतो, हा मुद्दा गैरलागू आहे. आता, जो पाय गेला त्याला मी जबाबदार असेन, तर जो उद्या जाईल त्याला तर निःसंशय मीच. आणि मागच्याबाबत मी काही करू शकत नाही. पुढच्याबाबत करू शकतो, कारण माझा आदेश अंतिम आहे. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही यापुढचा निष्कर्ष काढता आला असता.

सकाळी दहा वाजता मी सर्व विभागप्रमुखांना बोलाविले आणि सांगितले: हे लायनिंग ज्या लिफ्टमध्ये आहे अशी प्रत्येक लिफ्ट आज बंद होईल. पट्टे चांगल्या प्रतीचे बसल्यावरच ती सुरू होईल. खर्च आपला.

प्रमुखांनी चहाचे कप खाली ठेवले.

"सर, हा आदेश... तुमचा?" देखभालप्रमुखांनी विचारले.

"माझा."

"म्हणजे उद्या कुणी विचारलं, तर तुमचं नाव सांगायचं?"

"स्पष्टपणे."

त्यानंतर जे घडले त्याची मी कल्पना केली नव्हती. त्या माणसांच्या चेहऱ्यावर जणू सुटी जाहीर झाली. "जबाबदारी सरांची!" असे एकमेकांना सांगत ते जिन्यावरून अक्षरशः धावत सुटले. सहा महिन्यांत एक पत्र न हलविणारी माणसे फोनवर ओरडू लागली. मेकॅनिकांच्या गाड्या फाटकातून एकीमागून एक बाहेर पडल्या. संध्याकाळपर्यंत शहरातल्या या जातीच्या सगळ्या लिफ्ट थांबल्या होत्या. असा शिस्तबद्ध, तत्पर, उत्साही सेवकवर्ग असलेली संस्था मी पाहिलेली नाही. विद्यापीठात फळा पुसून घ्यायला अर्ज करावा लागत असे.

अध्यक्ष दिवसभर गोल्फ खेळत होते. त्यांना आनंदाची बातमी एकदम द्यावी, म्हणून मी मध्ये व्यत्यय आणला नाही.

३१ जानेवारी

अध्यक्षांचा फोन आला. ते इतके भावनाविवश झाले होते की प्रारंभी त्यांना वाक्यच पूर्ण करता येईना.

"सर, तुम्ही... तुम्हाला कोणी सांगितलं... अहो, तुम्हाला काही करायला नेमलं होतं का?"

"आपण आयोगापुढे सांगितलंत की माझा आदेश अंतिम आहे. आपणही तो फिरवू शकत नाही, असंही म्हणालात. फार सुंदर वाक्य होतं ते."

त्यांनी फोन ठेवला. अर्ध्या तासाने वकीलबाई आल्या. प्रथमच त्यांचा एक केस विस्कटलेला दिसला.

"आदेश मागे घ्या, सर."

"कारण?"

"कारण..." त्या बसल्या. मग त्यांनी जो युक्तिवाद केला तो मी येथे शब्दशः उतरवितो, कारण इतकी स्वच्छ मांडणी क्वचित ऐकायला मिळते. "तुम्ही मागे घेतला नाहीत, तर आम्हाला तो रद्द करता येत नाही. रद्द केला, तर तुम्हाला खरे अधिकार नव्हतेच असं होतं. अधिकार नव्हते, तर तुम्ही जबाबदार नाही. आणि तुम्ही नाही, तर मग कोण, हा प्रश्न पुन्हा अध्यक्षांच्या टेबलावर येऊन बसतो."

"अप्रतिम," मी म्हणालो.

"तुम्ही घेताय ना मागे?"

"नाही."

त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. मग म्हणाल्या, "माझ्या आईच्या इमारतीतली पण बंद झाली. आठवा मजला. सकाळी फोनवर मला शिव्या घालत होती."

"तुम्ही तिला काय सांगितलंत?"

"सांगितलं, गप्प बस आणि जिन्यानं जा." एवढे बोलून त्या उठल्या. केस मात्र तसाच ठेवून गेल्या.

२ फेब्रुवारी

खोलीतला फोन काढून नेला आहे. एकाग्रतेसाठी उत्तम.

५ फेब्रुवारी

चहाही बंद झाला. ताई थर्मास देते.

११ फेब्रुवारी

आज आयोगापुढे माझी साक्ष झाली. अध्यक्ष, वकीलबाई, सर्व प्रमुख पहिल्या रांगेत. शिंपी कुबड्या टेकून अगदी मागे. ताईही आली होती. तिला मी बोलाविले नव्हते.

प्रश्न आला: "नोव्हेंबरच्या अपघाताला जबाबदार कोण?"

"मी," मी म्हणालो.

सभागृहात कुजबुज झाली. चौकशीला प्रारंभ झाल्यापासून हा शब्द कोणीच उच्चारला नव्हता म्हणे. अध्यक्षांनी सुटकेचा निःश्वास टाकला. माझ्याविषयीची त्यांची काळजी मला स्पर्शून गेली.

"त्या वेळी तुम्ही कुठे होता?"

"घरी. उत्तरपत्रिका तपासत होतो. कंपनीचं नाव मी तोवर ऐकलं नव्हतं."

"मग जबाबदार कसे?"

"पूर्वलक्षी प्रभावाने."

लोक हसले. का हसले, ते मला कळले नाही. मी आयोगाला चौथ्या प्रकरणाचा सारांश दिला आणि नियुक्तीपत्रातली तारीख सांगितली. मग त्यांनी विचारले, लिफ्ट बंद करण्याचा आदेश कोणाचा? तोही माझा, असे मी म्हणालो, आणि तो देण्याचा अधिकार मला अध्यक्षांनी दिला, याबद्दल त्यांचे जाहीर आभार मानले. आयोगाच्या प्रमुखबाईंनी चष्मा काढला आणि त्या आमच्या अध्यक्षांकडे फार वेळ पाहत राहिल्या. कौतुकाने असावे.

शेवटी त्यांनी सांगितले की लिफ्ट बंदच राहतील. नवे पट्टे बसताना आयोगाचा माणूस समोर उभा असेल. माझ्याबाबतचा निर्णय राखून ठेवला आहे, आणि तो होईपर्यंत मी शहर सोडू नये. शिक्षा होऊ शकते, असे वकीलबाईंनी बाहेर आल्यावर हलक्या आवाजात सांगितले. "तुमच्यासाठी मी दुसरा वकील बघते," असेही म्हणाल्या. त्या स्वतः असताना दुसरा कशाला, ते मला समजले नाही.

सभागृहाबाहेरच्या मार्गिकेत शिंपी थांबला होता.

"साहेब, खोटं बोललात ना? तुम्ही तर तेव्हा नव्हताच."

"मी खोटं बोलत नाही."

"असू द्या. ऐकायला बरं वाटलं." मग कुबडी काखेत सारखी करीत तो म्हणाला, "लेकीचा फोन आला होता. जिने चढून चढून ती तुमच्या नावानं खडे फोडतेय. मी म्हटलं, फोड बाई, खुशाल फोड. उभी राहून फोडतेस ना!"

घरी आल्यावर ताई एकदम म्हणाली, "तुला कळतंय ना रे, त्यांनी तुला कशाला आणलं होतं?"

"माझ्या प्रबंधासाठी."

"बळी द्यायला आणलं होतं, वेड्या."

मला हे पटत नाही. क्षणभर पटले होते, हे प्रामाणिकपणे नोंदवितो. त्या क्षणी ऑक्टोबर, कोरी पुस्तके आणि प्रमुखांची ती धावपळ एका ओळीत उभी राहिल्यासारखी झाली. मग मी विचार केला, की त्यांचा हेतू काहीही असला तरी निष्कर्ष बदलत नाही. आदेश बरोबर होता. हेतू तपासणे हे तिसऱ्या प्रकरणाचे काम. ते मी पुन्हा वाचेन.

ताईने जेवायला वाढले. ताटात मला आवडणारे तेवढेच होते. माझ्या पाठीवरून हात फिरवून ती म्हणाली, "जेव, पंडित." या वेळी त्या शब्दात नेहमीचा टोमणा नव्हता.

१६ फेब्रुवारी

सर्व वर्तमानपत्रांत पान भरून जाहिरात आली आहे. अध्यक्षांचे मोठे छायाचित्र, हात जोडलेले. खाली: 'आम्ही थांबलो. कारण आम्हाला तुमची काळजी आहे.' शहरातल्या लिफ्ट थांबविण्याचे धाडसी पाऊल कंपनीने आपण होऊन उचलले, असे त्यात म्हटले आहे. छपाई सुरेख आहे. चूक एकही नाही.

माझे नाव नाही.

मी ते पान पुन्हा पुन्हा पाहिले. अपघाताला मी जबाबदार, थांबविण्याला कंपनी. ही वाटणी कोणत्या तत्त्वावर झाली, ते मला सापडले नाही. कंपनीविषयी माझ्या मनात प्रथमच किल्मिष आले. ताईने जाहिरात कात्रीने व्यवस्थित कापली आणि तिच्यावर वांगी चिरली.

१८ फेब्रुवारी

आदेशाची अंमलबजावणी प्रत्यक्ष पाहावी, म्हणून शिंप्याच्या मुलीच्या इमारतीत गेलो. अकरा मजले. लिफ्टच्या दाराला साखळी व कुलूप. मी ओढून पाहिले, घट्ट होते. समाधान वाटले.

जिन्यापाशी रहिवाशांचा घोळका होता. पहिल्या पायरीवर एक वृद्ध बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि सर्वांच्या वतीने बोलत होती.

"कोण तो दीडशहाणा? नाव तर कळू दे! स्वतः तळमजल्यावर राहत असेल मेला!"

"कंपनीनंच बंद केली म्हणे," कोणी म्हणाले. "पेपरात आलंय."

"कंपनी म्हणजे कोण? तिला काय तोंड आहे, मी जाब विचारायला?"

मी निघून जाऊ शकलो असतो. माझे नाव कुठेच छापलेले नव्हते आणि मला तेथे कोणी ओळखत नव्हते. परंतु चुकीचे विधान माझ्यासमोर दुरुस्त न होता राहिले, असे आजवर झालेले नाही.

"कंपनीनं नाही," मी म्हणालो. "लिफ्ट मी बंद केली. आणि मी दुसऱ्या मजल्यावर राहतो."

सगळे वळले. बाईने मला टोपीपासून बुटापर्यंत न्याहाळले.

"तुम्ही?"

"मी."

"का?"

मी सांगितले. ब्रेक, पट्टा, शिंप्याचा पाय. या वेळी चौथे प्रकरण मध्ये आले नाही. का कोण जाणे, त्याची गरज भासली नाही. सर्वजण त्या साखळी लावलेल्या दाराकडे पाहू लागले. एकजण दोन पावले मागे सरला.

बाई मात्र बधली नाही. "बरं केलंत," ती म्हणाली. "पण मी नवव्या मजल्यावर राहते. मग घ्या ही पिशवी."

या युक्तिवादातही मला भेग सापडली नाही. मी पिशवी घेतली. ती पुढे, मी मागे. प्रत्येक मजल्यावर ती थांबे आणि तेथे कोण राहतो, त्याचे कोणाशी पटत नाही आणि त्यात चूक कोणाची, हे सांगे. तिचे सर्व निर्णय ठाम होते. सातव्या मजल्यावर मला दम लागला, तेव्हा तीच माझ्यासाठी थांबली.

नवव्या मजल्यावर तिने दार उघडले, मला पाणी दिले आणि पिशवी टेबलावर रिकामी केली.

"दोन अंडी फुटलीत."

मी पाहिले. फुटली होती. सहाव्या मजल्यावर वळताना पिशवी कठड्याला लागली होती. मला तो आवाज आठवला.

"माझ्या हातून फुटली," मी म्हणालो.

"दिसतंय ते," ती म्हणाली, आणि फुटलेली अंडी वाटीत काढू लागली. "उद्या दहाला या. दूध आणि पीठ आणायचंय. आणि हे बूट नका घालू, घसरतात."

उद्या दहा वाजता जायचे आहे. ताईकडून चपला मागून ठेवल्या. तिच्या आहेत, पण मापाला येतात.